परमिट

खांबावर चढायच्या आधी आम्ही सबस्टेशनला फोन करतो.
'लाइन बंद झाली,' असं पलीकडून ऐकू येईपर्यंत
तारेला हात लावायचा नाही.
चौदा वर्षं हा एक नियम पाळला,
म्हणून दोन्ही हात शाबूत आहेत
आणि छातीत जे काही चालतं ते पंधरा टक्के.

आता मी फोन करत नाही. फोनची वाट पाहतो.

खैरटोल्यात रेंज मिळायची दोनच ठिकाणी,
विहाराच्या पायरीवर
आणि गणवीरांच्या धानाच्या पुंजण्याजवळ.
पुंजणं मळणीत संपलं. उरली पायरी.
विशाखा तिथे खुर्ची टाकून देते,
शेजारी दिवसभराच्या पाण्याची बाटली,
दीड लिटर, पेनाने मारलेल्या खुणा.
दुपारच्या खुणेखाली मी सकाळीच उतरलेला असतो.
पायावर अंगठा दाबला की खड्डा पडतो,
आणि राहतो,
बांधीतल्या चिखलात बैलाचा खूर राहावा तसा.

इथे बसायला लागलो ते रेंजसाठी. खोटं कशाला बोलू.
आज्याने छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून
बोडीत नेऊन सोडले, मागे वळून पाहिलं नाही.
मग मी कोणाला मागू?
आणि काय मागू?
मला हृदय मिळो, म्हणजे
कोणाचा तरी पोरगा हेल्मेट न घालता
इथे वाक्य थांबतं.

भागरथाबाई चाकूने फरशीवरचं मेण खरवडत होती.
"मांगू नोको ना बापा. बस निस्ता.
आमी म्हनतो, तू आयक."

संध्याकाळी अकरा बाया, एक बहिरा म्हातारा, शाळेतली पोरं.
पाण्याच्या मडक्यापासून पांढरा दोरा निघतो,
हातातून हातात, हातातून हातात,
शेवटचं टोक माझ्या मनगटाला.
तांबं नाही, अॅल्युमिनियम नाही,
अशा तारेतून काय वाहतं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये
शिकवलं नव्हतं.
पण त्या रात्री मी तीनच्या जागी दोन उशांवर झोपलो.

रात्री फोन पायरीवरच असतो, बिस्किटाच्या डब्यात.
त्याच्याजवळ उईके झोपतो.
तो बड्या देवाचा माणूस, वंदनेला बसत नाही,
म्हणतो, माझी ड्युटी रात्रपाळीची.

पौषात, दोन चाळीसला, तो धावत आला.
बोलेरोत त्याने मला अक्षरशः उचलून ठेवलं.
तुमसरचं फाटक बंद, मालगाडी,
चौपन्न डबे मोजले, विशाखाने माझी नाडी मोजली,
दोघांचेही आकडे चुकले.
नागपूरला छातीवरचे केस काढले, निळ्या शाईने रेघ आखली.
साडेसहाला डॉक्टर आले
आणि पलंगाच्या कडेवर बसले. उभे राहिले नाहीत,
तेव्हाच कळलं.
आलेलं हृदय चालण्यासारखं नव्हतं.

परतताना सगळे माझ्याकडे पाहत होते, मी मात्र
त्या घराचा विचार करत होतो.
तिथे कोणीतरी सही केली होती.
थरथरत, एका रेघेवर, तारीख टाकून.
लाइन बंद झाली होती, परमिट मिळालं होतं,
काम झालं नाही.
खांबावरून असं उतरताना
खाली उभ्या लोकांना काय सांगायचं?

त्या संध्याकाळी दोरा पुन्हा फिरला.
'सब्ब' या शब्दापाशी मीच बोललो, मोठ्याने,
आवाज फाटला, पोरं हसली.
भागरथाबाईने मान वर केली नाही.
"सब्ब म्हंजे तेबी आले ना,
ज्यायच्या घरी आज चूल नाई पेटली."

विशाखाची पाठ भिंतीला टेकली आणि ती रडली,
नागपुरात रडली नव्हती.

उईकेने बोलेरोचं तोंड रस्त्याकडे करून लावलं,
डबा पायरीवर ठेवला, चार्जर ओढून पाहिला,
सवयीने म्हणाला, "लाइन चालू हाय, साहेब."
मी बाटली मेणबत्तीसमोर धरली.
शेवटच्या खुणेखाली
आज एक घोट उरला होता.